बत्तीस जीबी

नव्या पेठेत दुकानदारानं काचेवर ठेवला.
नखाएवढा. म्हणाला, "घ्या वहिनी,
अख्खं सोलापूर मावतंय ह्यात."
तीनशे ऐंशी रुपये. बिल मागितलं तर हसला.

वर बत्तीस छापलंय,
उघडल्यावर एकोणतीस आणि वर चिल्लर.
दूधवाल्याचं मापही असंच.
वहीत लिहून ठेवलं, भांडले नाही.

उलटा लागतो.
वळवून घातला, तरी उलटाच.
पुन्हा पहिल्यासारखा धरला, तर गेला मुकाट्यानं.
याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एमआयडीसीतल्या कारखान्याच्या नक्ष्या भरल्या:
डबल बेडचा मोर, वेलबुट्टी, टॉवेलची किनार,
लेकीची दहावीची गुणपत्रिका, तीन लाइट बिलं.
सुरुवातीला पळाला,
मग दुपारच्या उन्हात सात रस्त्याला पोचल्यासारखा
बसकण मारून राहिला.
उरलेला वेळ चार मिनिटं. मग अकरा. मग दोन.
हात लावला तर तव्यावरनं काढल्यासारखा.

टोपण तिसऱ्या दिवशी हरवलं,
शेंगांच्या टरफलांत सापडलं, परत हरवलं.

अशोक चौकात झेरॉक्सला दिला,
आला तो कुणा चिट्यालांची लग्नपत्रिका पोटात घेऊन.
मुहूर्त सकाळी दहा छत्तीस.
पुसली नाही. लग्न व्हायचं होतं अजून.

मामंजींनी तळहातावर तोलून बघितला.
एकेचाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली त्यांनी;
एक मोर म्हणजे सुतळीत ओवलेली
अकरा किलोची माळ, खिळ्याला टांगलेली.
कार्ड उजेडाकडे धरलं की वाचता यायचं,
कुठं दोरा उचलायचा, कुठं सोडायचा.
तसाच हाही खिडकीकडे धरला.
"भोकं कुठंयत बे ह्याला?"

मग उंदराची गोष्ट, नेहमीची.
उंदरानं पुठ्ठा कुरतडला, मोराची चोच गेली,
दोन वर्षं बिनचोचीचे मोर विणले गेले
आणि एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

एप्रिलात ड्रेसच्या खिशात राहून धुतला गेला.
गच्चीवर पापडांशेजारी दोन दिवस वाळवला.
लावला. दिवा लुकलुकला.
मोर धड, चोचीसकट.
फक्त 'नवीन१' नावाची एक फाइल उघडत नाही,
आणि तिच्यात काय होतं ते मलाच आठवत नाही.

म्हणजे रोजच्या कामाला चालेल.
एकट्याच्या भरवशावर काही ठेवू नये,
हे त्याच्याबद्दल नाही, एकूणच.

मामंजी म्हणाले, "तो बिनचोचीचा पण घाल की."
त्याची कार्डं कधीच रद्दीत गेलेली.
मी मोर उघडला, चोचीचे ठिपके एकेक खोडले,
वेगळं नाव दिलं, साठवला.
"किती जागा लागली?"
"काहीच नाही," म्हटलं.

ते त्यांना आवडलं नाही.