भाग्यलक्ष्मीचं कार्ड

पहिल्या आठवड्यात मी गजरा नेला होता.
सवयीनं. कन्ना चौकातून येताना
चिन्नीसाठी दोन वीत मोगरा,
हे तिला केस आले तेव्हापासूनचं ठरलेलं.
दारात तीच आली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला,
बापाच्याच मागावरचा, निळ्या काठाचा.
मी गजरा कमरेला खोचला
आणि म्हणाले, काय उकडतंय बाई.

त्या दिवसांत सगळेच काहीतरी घेऊन जायचे.
कुणी लिंबू, कुणी अंगारा,
कुणी आपल्या मावसदिराची गोष्ट,
त्याला पण असंच झालं होतं, आणि मग तो...
तिथं येऊन गोष्ट अडायची.
भाग्यलक्ष्मी चहा ठेवायला उठायची.

एकदा मीच विचारलं, काय आणू गं?
म्हणाली, आणू नका अक्का. न्या काहीतरी.
हे सूप न्या. पानाचं पोतं न्या. तंबाखू न्या.
डॉक्टर म्हणतात, त्यानं नाही झालं.
तीनदा म्हणाले.
तरी न्या.

तर ते सूप आता माझ्या ओट्यावर आहे
आणि तिचं कार्ड माझ्या ब्लाउजमध्ये.
रोजच्या हजार विड्या गेल्या नाहीत
तर कार्ड बंद.
आम्ही आठ जणी. प्रत्येकीचे पाच कट्टे.
पंचवीस पंचे सव्वाशे, आठी हजार.
हिशोब बसला तेव्हा सुगराबी एवढी हसली
की तिचा दोरा तुटला.

पण हात लपत नाहीत.
तुळशम्माची विडी शेलाटी,
यल्लव्वाची पोटाळ, तिच्यासारखीच,
माझं तोंड दुमडताना डावीकडं झुकतं.
कारखान्यात छाट काढणाऱ्या मडिवाळप्पानं
एक कट्टा उचलला, मग दुसरा,
चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
‘भाग्यलक्ष्मीचा हात फार बदलला की हो.’
मी म्हणाले, उन्हाळा आहे.
त्यानं साठ विड्या छाटात टाकल्या.
तिच्या नेहमी साठच जायच्या.
एक जास्त नाही, एक कमी नाही.

अंबादासचे दोन माग रात्री आमचे हे बघतात.
दिवसा घोरतात, मी काही बोलत नाही.
अंबादास पूर्वी सुताचा काउंट सांगायचा, वीस, तीस.
आता बार्शीहून रक्ताचा सांगतो.
आकडा पडला की गल्ली गप्प होते,
चढला की कुणीतरी उगाच नळाशी भांडण काढतं.
दोनदा रक्त द्यायला पोरं गेली.
तिसऱ्या खेपेला कोडमांचा श्रीहरी,
ज्याचं अंबादासशी गटारीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं.
अजूनही नाही.
देऊन आला, तसाच मान खाली घालून घरात गेला.

मी त्यांच्या घरी जाते ते ते नसताना.
आधी अंघोळ, धुतलेलं लुगडं,
तरी बोटांचा वास जात नाही, लिंबू चोळलं तरी.
किल्ली खिळ्याला असते, माझ्या चष्म्याशेजारी.
फरशी पुसते. पाणी उकळून झाकून ठेवते.
शिजवलेला भात, मऊ. कच्चं काही नाही,
कोथिंबीरसुद्धा नाही.
देवाजवळची फुलं काढून टाकते
आणि देवाला सांगते, थोडे दिवस चालवून घ्या.
बार्शीची एसटी साडेनवाला लागते.
नऊला दिवा लावून मी बाहेर पडते,
म्हणजे तिला माझ्यासाठी
चहा ठेवावा लागत नाही.

मग रिक्षा थांबते. मी अंधारातल्या ओट्यावरून बघते.
आधी पिशवी उतरते, मग अंबादास,
मग त्याच्या खांद्यावरचं ते निळ्या काठाचं गाठोडं.
दार लागतं.
थोड्या वेळानं खिडकी किलकिली होते
आणि एक हात बाहेर येतो, चार बोटं.
चार सुया, चार दिवस,
का तिचं वय, का नुसतीच बोटं,
मला कळत नाही.
विचारायला मी गल्ली ओलांडत नाही.
दिव्याखाली सरकते
आणि माझी चार दाखवते,
पिवळी.