पारमेटाची बाभूळ

नकाशात तिचं नाव नाही.
पण वणेच्या काठी कोणालाही विचारा,
हात त्या बांधाकडेच जाईल.

अमेरिकेत लढाई पेटली होती, कापूस चांदीच्या भावात,
तेव्हा विलायतेहून एक जमीनदार आला
हिंगणघाटचं बोंड बघायला.
नाव हॅलोवे. गावानं त्याचा हलवाई केला.
त्याचं टेबल, खुर्ची, पाण्याची सुरई
आमच्या डोमाच्या डोक्यावर.
बाभळीखाली साहेब टेकला
आणि उदेभान पाटलानं दुभाष्याला विचारलं,
"हा करते काय?"
"पार्लमेंटात बोलते."
"बोलाचे किती भेटते?"
"काही नाही. सहा हजार एकर हाय घरची, त्याच्यावर भागते."
"अन् तिथं पाठवते कोण?"
"त्याचेच कुळं. उभं राहून मोठ्यानं नाव सांगा लागते,
कारभारी वहीत लिहून घेते."

पाटील इतका हसला
की पागोटं सोडून पुन्हा बांधावं लागलं.
"मंग लेका, एवढ्या दूर कायले आला?"
दुभाष्यानं याचं भाषांतर केलं नाही.

संध्याकाळी साहेबानं ढेकूळ उचललं, वास घेतला,
चिमूटभर जिभेवर ठेवलं.
डोमा म्हणायचा, माती चाखणारा माणूस वाईट नसते.
आणि लगेच म्हणायचा,
बुटाची काढाले मात्र त्यानं मलेच बसवलं.

जाताना बरणीभर नेली.

पुढचं आम्हाला ठाऊक नाही. मीच रचतो,
याच खोडाला पाठ लावून:
धुकं, शिकारी कुत्री,
कापसावर तीन तास भाषण, अर्धं सभागृह पेंगलेलं,
मग गुप्त मतदानाचा कायदा, त्याला याचा विरोध,
आणि पहिल्याच खेपेला, चिठ्ठीवर,
त्याच्या कुळांनी दुसऱ्याचं नाव.
सकाळी टोप्या काढून
तितकाच लवून रामराम.

त्या रात्री तो बरणीसमोर बसला असेल.
इथं चैत्रात या मातीला
हात जाईल एवढ्या भेगा पडतात.
तिथं ऊन कुठलं?
ती तशीच, तोंड मिटून.

परवा सरपंचाचं मतदान झालं.
बाभळीखाली उदेभानच्या खापरपणतवानं
गाडी थांबवली, काच खाली केली,
"कोणाले देल्लं, भाऊ?"

मी बोटांत ढेकूळ फोडत राहिलो.