तीन टिंबं

हाल्श्का बाईंनी आल्या आल्या फळ्यावर लिहिलं:
हात नकोत. हृदय नको. कबुतर नको.
तडा गेलेली पृथ्वी तर मुळीच नको.
मग खडू ठेवून त्या खिडकीपाशी गेल्या
आणि आम्ही अकरा जण
कोऱ्या कागदासमोर बसून राहिलो,
हात, हृदय, कबुतर एवढंच डोक्यात घेऊन.

वूचमध्ये जमीन हलत नाही.
फार तर ट्राम वळते तेव्हा
रंगाच्या डब्यांची झाकणं किणकिणतात.
ते ऐकून विटोल्ड म्हणाला, "असं काहीसं होत असेल?"
कुणी उत्तर दिलं नाही.
त्यालाही नको होतं.

दुपारी इगानं बूट काढले.
पायातले नव्हे, कागदावर:
एका बाईचे, एका पोराचे,
पायपुसण्याशेजारी नीट लावून ठेवलेले.
दार नाही.
बाई बराच वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या,
"पोराची नाडी सुटलेली असू दे."

शब्द कोशातून जुळवला. तुर्की, एकच, लांबलचक:
तुमच्याशेजारीआहोत.
नाट्यमहोत्सवातून उरलेला हिरवा रंग,
जाळी, रबरी पट्टी, खर्र, खर्र,
दोरीवर चाळीस कागद. चिमटे कमी पडले
म्हणून केसांतले लावले.

वस्त्रकलेच्या वर्गातली तुलिन
बादली मागायला आली आणि थबकली.
ओठ हलले. मग हसली.
चक्क हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा,
असं तिच्या खोलीतली मुलगी मागाहून म्हणाली.
"ह्या तीन अक्षरांवर टिंब नसतं.
टिंब दिलं की आवाज पुढे दातांशी येतो.
आमचा तो स्वर मागचा,
पोटात गुद्दा बसल्यावर निघतो ना, तसा."

आम्ही ओशाळलो.
परदेशी पाकिटांवर आमच्याच गावाच्या नावातली
तिरकी रेघ, काना-मात्रा गाळली
की तावातावानं भांडणारे आम्ही.

मग ब्लेड. चाळीस गुणिले तीन.
ओला रंग फासतो, वाळू द्यायचा,
मग खरवडायचा, कागदाला भोक न पाडता.
रादोस्वाव तर श्वाससुद्धा जपून घेत होता.
त्या लोकांसाठी दिवसभरात आपण
काही केलं असेल तर एवढंच,
जास्तीचं काढून घेतलं, असं मला वाटलं.
नंतर हे वाटणंही जास्तीचंच वाटलं.

सदतिसाव्या कागदाला तुलिन म्हणाली, "हा राहू दे."
गुंडाळी करून कोटाच्या बाहीत सरकवला.
"पण तो चुकीचा आहे," इगा म्हणाली.
"आत्या फोन उचलेल तेव्हा
टिंबांसकट वाचून दाखवीन.
परदेशी लोकांच्या तुर्कीला ती फार हसते."

उचलेल तेव्हा, म्हणाली ती.

बादली इथेच विसरली.
तिच्यात आम्ही जाळी धुतली.
पाणी हिरवं झालं, स्थिर झालं.
कोपऱ्यावर ट्राम वळली.
पाणी हललं.
आम्ही सगळे तिकडेच बघत होतो.