सातवा रकाना

जिंतूरच्या तहसीलीबाहेर बाभळीखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर.
अर्जाचे आठ आणे, नुसतं वाचून दाखवायचे दोन.

अवद बिन सालमीन चाऊश बसला नाही.
उभ्यानंच म्हणाला,
भावाला बोलवायचंय, पंधरा दिवसांसाठी.
मायचे डोळे गेले,
त्याचं तोंड हातानं चाचपायचं म्हणती.

भाऊ कोणत्या देशाचा?

एकाच बाजेवरचे आम्ही, तो म्हणाला.
माय चारठाण्याची. बाप निजामाच्या पलटणीत,
तवा सगळेच निजामाची रयत.
मग अ‍ॅक्शन झाली. अरब मोजले, ट्रकात घातले,
मुंबईच्या धक्क्यावर न्यायला.
जमादारानं माझ्या कपाळाला हात लावला,
म्हणाला, हे पोरगं वाटेत मरंल.
मला खाली उतरवलं.
फरज तसाच गेला, बापाच्या मांडीवर.

पुढं कायदा आला:
इथं जन्मला आणि त्या दिवशी इथंच मुक्कामाला, तो इथला.
माझा मुक्काम तापानं केला.

त्यानं पत्र काढलं, मकल्ल्याहून आलेलं.
लिपी उर्दू, भाषा जिंतूरची:
माय कशी हाय? कामून लिहीत न्हाईस?
इथं मला हिंदी म्हणतेत, अंबाडीचं बी धाड.
खाली पासपोर्टाची नक्कल:
ब्रिटिश संरक्षित व्यक्ती.

मी सांगितलं, म्हणजे राणीची प्रजा नव्हे,
राणी फक्त राखण करते.

पिकावाणी? अवदनं विचारलं.
राखायचं, पण आपलं म्हणायचं नाही?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं,
दौतीत शाई होती.
सातव्या रकान्याशी टाक थांबला. राष्ट्रीयत्व.
लिहा, तो म्हणाला,
त्याला ताप नव्हता.

मी नकलेतले तीन शब्द उतरवले,
जागा पुरली नाही, शेवटचा ओळीखाली गेला.

परवानगी अकरा महिन्यांनी आली.
तोवर तिकडं इंग्रज गेले, झेंडा बदलला,
राखणारंच कोणी राहिलं नाही
आणि परवानगीतला माणूस
कुठल्याच कागदावर सापडेना.

नवा अर्ज. पुन्हा सातवा रकाना.
पैसे घेतले नाहीत असं म्हणणार होतो;
घेतले, खोटं कशाला बोलू.

या खेपेला अवद बसला.
मायचं मी विचारलं नाही.
तो बराच वेळ
टेबलाखालची वीट पायानं सरळ करत राहिला.