दोन बोटं कमी

अर्धापूरहून आत, केळीच्या तिसऱ्या पट्ट्यात
छोटा ट्रॅक्टर तीन दिवस झाले उभा.
खाचा बुजून टायर झालेत गुळगुळीत,
हंड्याच्या बुडासारखे.
काळी एकदा भिजली
की घेतलेलं परत देत नाही.

खय्यूमभाई मोपेडवर आला, पायापाशी पोतं.
पोत्यात साखळ्या, मोंढ्यातल्या जुन्या काट्याच्या.
त्यांनी हळद तोलली, तूर तोलली, सरकी तोलली,
आणि इलेक्ट्रिक काटा आला तेव्हा
त्याच काट्यावर किलोनं गेल्या भंगारात.
"हिचं वजन मीच पाहिलं मास्तर," तो म्हणाला. हसला नाही.

मी पान्हा घेऊन पुढं.
"आधी हवा सोडा."
क्षणभर वाटलं, मलाच म्हणाला.
वर्गात तीस वर्षं खडू धरलेल्या हाताला
कुणी असं सांगितलं नव्हतं.
टायर खाली बसला, सुस्कारा टाकत,
पंगतीतून उठायला कंटाळलेल्या पाहुण्यासारखा.

मग चिखलावर साखळी अंथरली
आडव्या सात कड्यांची.
सीटवर आमची सून, वैजयंता,
पदर खोचलेला, क्लचवर पाय.
"अर्धा फेरा फुडं. हळू.
बस. बस म्हणलं की!"
चाक साखळीवर चढलं.
खय्यूमभाईनं दोन्ही टोकं ओढली, दात-ओठ खाऊन,
आणि टोकं भेटेनात.
दोन बोटं कमी.

तार आणू का, मी विचारलं.
"तार तुटती हो."
वरून दुसरं कुणी काही सुचवेना.
केळीच्या पानावरून एक थेंब माझ्या मानेत.

वैजयंता उतरली, चपला हातात घेऊन
फाटकापर्यंत गेली चिखल तुडवत,
आणि आली ती कुलूप घेऊन,
शेताचं, पितळी, सहा लिव्हरचं.
एका कडीतून दुसऱ्या कडीत. खट्.

पायपंपानं हवा भरली.
टायर आतून फुगत फुगत
साखळीला जाऊन भिडला,
कुलूप ताणलं, टिकलं.
दुसऱ्या चाकाला साखळी पुरली,
तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ट्रॅक्टर निघाला खडखडत
मोंढ्याचा सगळा बाजार घेऊन,
मागं चिखलात उमटत गेली
एक लांब, आडवी पडलेली शिडी.
घड भरलेली ट्रॉली डांबरीला लागली
तेव्हा अंधार पडायला आला होता.

आता फाटक सताड उघडं आहे,
चाकाला मात्र कुलूप,
आणि किल्ली?
घरभर शोधायलोत आम्ही.
वैजयंता म्हणते, मास्तरांच्या खिशात.
मास्तर म्हणतात, तुझ्या पदराला.
खय्यूमभाई फोनवर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या की,
पाऊस कुठं संपलाय अजून."