रुमालाखालचा भाव

विश्रामबागेतल्या इंटरनॅशनल शाळेची
फी भरली, पावती जपून ठेवली,
आणि रोज दप्तर उघडून बघतो:
वही कोरी. तळाशी वाळू.
एकदा नुसता चिंचोका.

बागवान टीचर म्हणाल्या,
आज दिवसभर दुकान-दुकान खेळली सन्मती.
मनात म्हटलं, दुकान तर आपलंही आहे,
मार्केट यार्डात, हळदीचं.
तिथं फी नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं
माझा हात ओढून रुमालाखाली घेतला,
आजोबा सौद्याला घ्यायचे तसा,
आणि बोटं दाबली.
चार. थांबून, तीन.

सात ना गं, मी म्हणालो.

मोठ्यानं नाही बोलायचं, पप्पा.
भाव फुटतो.

हात दोनदा धुतले होते तिनं.
नखांत तरी
शाळेतली पिवळी माती.