सुकतीचा धक्का

मॉनिटर मी संध्याकाळच्या फेरीने आणला,
रायबंदरहून चोडणला,
खोका छातीशी धरून,
आणि जिथे एकोणीस वर्षं दोर टाकतो
तिथे त्या दिवशी प्रवासी म्हणून उभा राहिलो.
कॉस्मे सुकाणूवरून ओरडला, "टीव्ही रे?"
मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

सत्तावीस इंच. उभ्या रेषेत ठिपके चौदाशे चाळीस.
सेकंदाला एकशे पासष्ट चित्रं दाखवू शकतो,
कुणी आणून दिली तर.

आणून देणारं माझं कार्ड सात वर्षांचं.
रात्री गेम लावला:
अडतीस. वळणावर एकतीस.
पंखा असा घोंघावला की आतून सुलक्षा म्हणाली,
"मिक्सर बंद कर."

पलीकडच्या तीरावर
एकशे पासष्ट गाड्यांची जागा झाडून ठेवलेली,
आणि अलीकडून माझी जुनी बोट
अडतीस स्कूटर घेऊन धापा टाकत निघालेली.
हे दृश्य मला नवीन नाही.
चवथीच्या आदल्या दिवशी लोक ज्या नजरेने
माझ्याकडे बघतात,
त्याच नजरेने मी त्या कार्डाकडे बघत होतो.

रिझोल्यूशन उतरवून पाहिलं. चाललं.
पण ते म्हणजे घर बांधून
सोप्यावरच झोपल्यासारखं.

म्हापशाला आग्नेलचं दुकान, बेकरीच्या वर.
सगळी कार्डं पावाच्या वासाची.
त्याने तीन खोके मांडले.
पहिलं हातात घेऊन परत ठेवलं, "हें तुका ना."
तिसरं दोन हातांनी उचललं:
तीन पंखे, माझ्या पगाराचे अडीच महिने.
मी त्याच्यावरून बोट फिरवलं. फिरवायला पैसे पडत नाहीत.

"पात्रांव," आग्नेल म्हणाला,
"तुझा पडदा एकशे पासष्टला थांबतो.
वरची चित्रं न्हंयत पडतली."

सुकतीला धक्का वर राहतो, रॅम्प खाली.
गाडी चढताना बंपर घासतो, मालक मला शिव्या घालतो,
जणू समुद्र मीच ओढून नेला.
भरतीला उलटं.
दिवसातून चारदा, पंधरा-वीस मिनिटं,
दोन्ही एका पातळीत येतात,
तेव्हा मासळीवाली सेबास्त्यानाबाय
डोक्यावरची पाटी न धरता उतरते.
मी ती वेळ तक्त्यात बघत नाही. पायाला कळते.

मधल्या खोक्यावर बोट ठेवलं.
बारा जीबी, दोन पंखे.
"शंभराच्या आसपास. अल्ट्रावरून एक पायरी खाली ये,
कुणाक दिसना."
मग विचारलं, "सप्लाय किती वॅटचा?"
घरी फोन लावला. सुलक्षा टॉर्च घेऊन
टेबलाखाली शिरली, बराच वेळ काही बोलली नाही.
"साडेसहाशे," म्हणाली. "आणि इथे झुरळाची अंडी आहेत."

कार्ड कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब निघालं.
हार्डडिस्कची चौकट काढली,
एक स्क्रू हरवला, तो अजून हरवलेलाच आहे.
नऊला बेटावरची वीज गेली.
काळ्या पडद्यात मला मी दिसलो, बराच स्पष्ट.

पावणेअकराला आली.
खेळ गाड्यांच्या शर्यतीचा.
कोपऱ्यात आकडा: एकशे चार, अठ्ठ्याण्णव, एकशे सात.
पंखा गप्प. हिरवा दिवा.
पहिल्या वळणावर एक बंदर लागलं,
आणि मी ब्रेक दाबला.

पाणी हलत होतं.
इतकं सलग की माझा तोल
आपोआप डाव्या पायावर गेला, खुर्चीत.
प्रकाश बरोबर होता, लाटेची पाठ बरोबर होती.
डिझेलचा तवंग नव्हता. जलपर्णी नव्हती.
आणि कडेला पाणी दगडाला लागून
जे थोडं मागे सरतं,
ते सरत नव्हतं. नुसतं थांबत होतं.
हे बनवणारा कधी धक्क्यावर उभा राहिला नसावा,
की राहिला असेल, पण त्याला दोर टाकायचा नसेल.

बाकीच्या गाड्या शर्यत संपवून गेल्या.
मी आठवा आलो. आठच होते.

"जिंकलास?" सुलक्षाने दिवा मालवत विचारलं.
"नाही. पाणी बघत होतो."
ती काळोखात हसली.
"सकाळी पावणेसहाची ड्यूटी आहे ना तुझी?
मग बघ की."